अर्धचक्र मंडळीस रसिकांनी पाठ दाखविली त्याची हकीकत

श्री. शब्द उमटण्याआधी जो होता आणि शब्द विरल्यावरही जो राहतो त्या नादास दंडवत घालोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव येथे घेणे उचित नाही, अर्धचक्र नामे बँडाचे रसिकांनी जे वर्तन केले ते श्रीमंतांनी पुसिले, म्हणोन जैसे घडले तैसे निवेदन करितो. त्यात पदरचे घातले नाही आणि लाजिरवाणे म्हणोन वगळिलेही नाही.

त्या राज्यात प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणोन वादनाचा एक पंथ होता. इतर बँडांची गाणी सुरू जाहली की चहा निवायच्या आत संपत, आणि या पंथाची एक रचना सुरू जाहली म्हणजे सात मात्रांतून अकरात जाई, मध्येच थांबे, वळे, आणि ऐकणारा मोजता मोजता हरवोन जाई. या पंथात अर्धचक्र मंडळी सर्वांत थोर. त्यांत कीबोर्ड वाजविणार हेमांगीबाई सबनीस मुख्य, रचना त्यांच्याच, आणि ड्रमवर रुस्तुमजी म्हणोन गृहस्थ, मोठे धिप्पाड परंतु हात हलका. त्यांनी तरुणपणी 'नऊ बुरूज' नामे रचना केली, तिचे नऊ भाग, एकेका भागास बुरूज म्हणत, आणि ती रेकॉर्डीची एक बाजू भरोन असे, आणि तिचे योगे राज्यात त्यांचा डंका वाजला. मग मंडळी फुटली, ज्याचा तो आपले उद्योगास लागला, आणि बहुत वर्षे त्यांचे वाजविणे कोणी ऐकिले नाही. आणि जे वाजत नाही त्याचे भक्त वाढतात, तैसे अर्धचक्राचेही वाढले.

त्या भक्तांत श्रीकरपंत देवस्थळी हे अग्रेसर. पंत विमा कचेरीतोन निवृत्त, पत्नी निवर्तलेली, कन्या परदेशी, घरी एकटे. दर रविवारी दुपारी त्यांचे घरी रसिकांची बैठक भरे, पंत रेकॉर्ड लावीत आणि डोळे मिटोन बसत, आणि कोठे कोणता स्वर किंचित उशिरा पडला ते बोट उचलोन दाखवीत. त्यांचे कान थोर ऐसा नगरात लौकिक होता. त्यांनी एखादा बँड चांगला म्हटला तर तो चांगला, आणि त्यांनी नुसते नाक मुरडिले तरी चार घरांतोन त्याच्या रेकॉर्डी उचलल्या जात. या मानाचे पंतांस मोठे सुख होते. दुसरे सुख त्यांस फारसे उरलेही नव्हते. बैठकीत वसुंधराबाई कोरगावकर म्हणोन एक बाई आरंभापासोन येत, त्या शाळेत चित्रकला शिकवीत असत, बोलणे कमी, आणि इतर डोळे मिटोन ऐकत तेव्हा या उघडे ठेवोन ऐकत.

त्या साली वार्ता आली की अर्धचक्र मंडळी पुन्हा एकत्र जाहली आणि नदीकाठचे मैदानात एक संध्याकाळ वाजविणार. वार्ता येताच नगरात दिवाळी जाहली. लोकांनी जुने काळे सदरे, ज्यांवर नऊ बुरूज छापिले होते, ते काढिले, आणि पोटावर बसेनात तरी घातले. पंतांनी बैठकीतील सर्वांस सांगितले की, "पहिल्या रांगेत बसायचे. आपण नीट ऐकले तर मागचे ऐकतील." मग ठरले दिवशी दिवस कलायचे सुमारास मंडळी रंगमंचावर आली, मैदान उठोन उभे राहिले, आणि ऐसा गजर जाहला की नदीपारचे पक्षी उडाले. हेमांगीबाई हळूहळू चालत आल्या, खांद्यावर शाल, कीबोर्डामागे बसल्या, आणि नमस्कार वगैरे न करिता एकदम वाजवो लागल्या.

वाजविले ते सर्व नवे. रचना लहान, चाल संथ, मात्रा साध्या चार, आणि स्वर ऐसे दूर दूर की दोहोंमध्ये माणूस श्वास घेईल. पहिले गाणे जाहले तेव्हा टाळ्या पडल्या. दुसरे जाहले तेव्हा थोड्या पडल्या. तिसरे सुरू जाहले आणि पंत शेजारच्यास बोलिले की, "हे तर लग्नात जेवणावळीला वाजते." शेजारचा हसला, त्याने मागच्यास सांगितले, आणि मग ते वाक्य रांगांतून मागे मागे जाऊ लागले आणि त्यामागे हसेही जाऊ लागले. पंतांस हे आवडले. मग मागोन कोणी ओरडला, "नऊ बुरूज वाजवा." आणि मग पुष्कळ ओरडले. हेमांगीबाईंनी वादन थांबवोन माइकात सांगितले की, "नऊ बुरूज आज नाही. आज आम्हाला जे येते ते ऐका." आणि पुन्हा ती संथ चाल धरिली.

हे ऐकोन पंतांस राग आला. इतकी वर्षे आपण हिचे नाव जागते ठेविले आणि ही आपल्यास जेवणावळीचे ऐकविते, ऐसे मनात आले, आणि पंत उठले. वसुंधराबाईंनी त्यांची बाही धरिली आणि बोलिल्या, "पंत, जरा त्यांच्याकडे बघा तरी." पंत बोलिले, "बाई, बसा हो तुम्ही." आणि हाताची घडी घालोन, रंगमंचाकडे पाठ करोन उभे राहिले. ते पाहोन बैठकीचे सारे उठले आणि त्यांनी पाठ केली, मग दुसरी रांग, मग तिसरी, आणि जैसे वारियाने शेत एका अंगास कलते तैसे अवघे मैदान कलले. पंतांसमोर आता हजारो माणसांच्या पाठी, आणि ती सारी आपल्या एका वळण्याने वळली हे जाणोन पंतांचे मुखावर हसू आले. वसुंधराबाई तेवढ्या बसोन राहिल्या. पंतांचे पाठीमागे वादन चालूच होते, परंतु ते कैसे होते हे पंत कधीही सांगो शकले नाहीत, कारण त्यांनी ऐकिलेच नाही.

मग वादन थांबले. आणि नऊ बुरुजाचा पहिला स्वर आला. मैदान एकदम फिरले, लोक नाचो लागले, परक्यास परका मिठी मारो लागला, आणि पंतांचे डोळां पाणी आले. पहिला बुरूज उत्तम उठला, दुसराही उठला. तिसऱ्यात मंडळीतला गिटारवाला पुढे सरोन हेमांगीबाईंचे डावे हाताचे काम आपल्या तारांवर करो लागला, ते ध्यानी यावयास हवे होते, परंतु आले नाही. चौथे बुरुजात डावा हात अकरा मात्रा चालवितो आणि उजवा त्यावरोन घोडा सोडल्यासारखा धावतो. तेथे बाई अडखळल्या. पुन्हा धरिले, पुन्हा सुटले. कोणी हसले. तेव्हा पंतांनी दोन्ही हात उंच केले आणि मास्तर जैसे मंद पोरास शिकवितो तैसे टाळीने मात्रा मोजोन दाखवो लागले, आणि बैठकीने धरिली, आणि मग मैदानाने धरिली. रुस्तुमजींनी ड्रम थांबविला. तरी टाळी चालली. त्या टाळीत हेमांगीबाई एक हात घेऊन धावत राहिल्या, आणि मग थांबल्या, आणि उठल्या. उठताना शाल घसरली. बाई नमस्कारास हात वर करो गेल्या, त्यातील उजवा वर आला आणि डावा तैसाच लोंबत राहिला. एका हाताने कपाळास स्पर्श करोन त्या आत गेल्या.

टाळी आपोआप बंद पडली. पंतांचे हात अद्याप वर होते, ते त्यांस खाली घेता येईनात. मग वसुंधराबाई बोलिल्या, "अंगावरून वारे गेले असणार. पहिल्या गाण्यापासून डावा हात मांडीवरच होता." पंत बोलिले, "मग मला सांगितले का नाही?" बाई बोलिल्या, "सांगतच होते. तुम्ही मला बसवलेत." आणि शबनम पिशवी खांद्यास लावोन निघोन गेल्या. पंत मैदानात उभे राहिले, आणि आता त्यांचे ध्यानी आले की त्या साऱ्या नव्या रचना एका हाताच्या होत्या. स्वर दूर दूर होते ते यासाठी. ज्याचे कान थोर म्हणोन नगरी लौकिक, त्यास एक हात आणि दोन हात यांतील भेद कळला नाही.

दुसरे दिवशी राज्यात मोठी चर्चा जाहली. कोणी लिहिले की लोकांस फसविले, आजारी होती तर आली कशास. कोणी लिहिले की असा प्रसंग जन्मात एकदा, आपण तेथे होतो हे भाग्य. आणि जे जे फिरले होते ते ते लिहो लागले की आपण अगदी शेवटी फिरलो, पुढचे फिरल्याने काही दिसेना म्हणोन फिरलो. दुपारपर्यंत ऐसे जाहले की पाठ प्रथम करणारा कोणी उरलाच नाही. तोच मागील रांगेतल्या कोणाचा व्हिडिओ पुढे आला. त्यात मैदान अद्याप रंगमंचाकडे पाहत असता, पाठींच्या सागरापलीकडे एकच मुख इकडे तोंड करोन स्पष्ट दिसे, ते पंतांचे. आणि रांगा वळत गेल्या तैसे त्या मुखावर हसू, जैसे मुलीचे लग्न निर्विघ्न पार पडल्यावर बापाचे असते. बैठकीतील मंडळींनी पंतांस फोन करणे सोडिले. फोन आला तो परदेशाहोन कन्येचा. ती बोलिली, "बाबा, तो माणूस तुम्ही आहात का?" पंत बोलिले, "मीच आहे." कन्या बोलिली, "बरं. जेवलात का?" आणि पंत जेवलो ऐसे खोटे बोलिले, आणि तिने फोन ठेविला. ती रागावली असती तर बरे होते, ऐसे पंतांस वाटले. त्या दिवशी पंतांनी आरशासमोर दाढी केली नाही.

मग चार-पाच दिवसांनी पंत शोध करोन हेमांगीबाईंचे घरी गेले. जाताना मोठे भाषण मनात जुळविले होते, त्यात रेकॉर्डी होत्या, बैठक होती, आपण किती वर्षे प्रेम केले ते होते. दार रुस्तुमजींनी उघडिले आणि बाजूस जाहले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. पंत बोलिले, "मी श्रीकर देवस्थळी. पाठ पहिल्यांदा मी फिरवली. टाळीसुद्धा मीच धरली." जुळविलेले बाकी भाषण आलेच नाही. बाई बोलिल्या, "बरे झाले भेटलात. रोज कोणी ना कोणी येते, आणि सगळे शेवटचे फिरलेले." पंत बोलिले, "आजाराचे लोकांना आधी सांगितले असतेत तर..." बाई बोलिल्या, "तर तुम्ही हाताला टाळ्या दिल्या असत्यात. मला गाण्याला हव्या होत्या." पंत बोलिले, "मग नऊ बुरूज का घेतलेत?" बाई बोलिल्या, "भ्याले. इतक्या पाठी मी कधी पाहिल्या नव्हत्या. वाटले, ते वाजवले तर तोंडे दिसतील." हे ऐकोन पंतांस जमिनीने पोटात घ्यावे ऐसे जाहले. त्यांनी खाली पाहोन क्षमा मागितली. बाई बोलिल्या, "ते इतक्यात जमेल असे दिसत नाही. खोटे कशाला सांगू." मग रुस्तुमजींनी चहा आणिला. चहा घेता घेता बाईंनी सहज पुसिले, "नव्यातले कोणते बरे वाटले?" पंतांस एकही चाल आठवेना. थोर कानांचे पंत पेल्याकडे पाहत बसले, आणि बाईंनी ते ओळखिले, आणि दुसरा प्रश्न केला नाही. निघताना रुस्तुमजींनी दारात सांगितले की, "रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये वाजवतो आहोत. कोणी मनाई केलेली नाही."

रविवारी पंतांनी आपली बैठक भरविली नाही आणि तेथे गेले. हॉल लहान, माणसे थोडी, पुढे वसुंधराबाई बसल्या होत्या. त्यांनी मान हलविली, बोलावणे केले नाही. पंत मागील भिंतीशी बसले. मंडळी वाजवो लागली आणि पंतांनी यावेळी डोळे मिटले नाहीत. उजवा हात एक स्वर ठेवी आणि उचली, तितका वेळ हॉलात काहीच नसे, रुस्तुमजी काठ्यांऐवजी ब्रशाने नुसते ड्रमास स्पर्श करीत, आणि मग हात पुढील स्वरावर उतरे. ती मधली रिकामी जागा बाईंनी मुद्दाम रचिली होती, चुकोन भरावयाची राहिली नव्हती. नऊ बुरुजांत ऐसे काही नव्हते हे पंतांस कळले, आणि कळल्याचा आनंद होतो न होतो तोच मैदान आठवोन कान तापले. तेव्हा शेजारचे खुर्चीवरील एक गृहस्थ, काळे सदऱ्याचे, पंतांकडे झुकोन हळूच बोलिले, "जुने काही वाजवतील की नाही?" पंतांचे मनात आले की यास चांगले खडसवावे. मग मनात आले, खडसवणारे आपण कोण. तेव्हा पंत तितकेच हळू बोलिले, "मैदानात त्या दिवशी पहिली पाठ मी फिरवली होती." गृहस्थांनी त्यांचे मुख निरखिले, ओळखिले, आणि आपली खुर्ची उचलोन दोन हात पलीकडे नेऊन ठेविली. पंत मधल्या मोकळ्या फरशीकडे एकदा पाहोन पुन्हा ऐको लागले.

ऐसे हे वर्तमान. अर्धचक्राची कीर्ती पुढे वाढली की घटली यावर राज्यात दोन मते आहेत. पंतांची रविवारची बैठक मोडली ती मोडली. हॉलात मंडळी वाजवीत तेव्हा पंत जात, आणि कोणी कैसे वाजले म्हणोन पुसिले तर अजून ऐकतो आहे इतकेच सांगत. हेमांगीबाईंनी क्षमा केली की न केली ते ठाऊक नाही. पंतांनी पुन्हा मागितली नाही, बाईंनी आपण होऊन दिली नाही, आणि वादन चालू राहिले. इति.