आयझॅकमामांचा लाल भात

पुड्यातला निवडलेला, स्वच्छ तांदूळ सुपात घालून पाखडणारा माणूस मी हायडेलबर्गमध्ये एकच पाहिला: आमच्या वसतिगृहाचे आचारी आयझॅकमामा. खडा नाही, कोंडा नाही, तरी दर रविवारी आपल्या आजीनं विणलेल्या गवती सुपात यांचं पाखडणं सुरू.

"तांदूळ स्वच्छच आहे हो!" वसतिगृहाच्या व्यवस्थापिका फ्राउ क्लाइन ओरडायच्या.

"असेल. पण माझ्या हातांना ते कुठे माहीत आहे?"

मामा अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. लष्करात आचारी म्हणून जर्मनीत आले. लष्कर सुटलं, पळी सुटली नाही. "गोऱ्या मालकांना भाताचं काय कळत होतं? भात पिकवणारी माणसं हवी म्हणून तर आमच्या पूर्वजांना पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलं."

"पश्चिम आफ्रिकेत नक्की कुठून?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"कागद नाही. पण भात खोटं बोलत नाही. माझा भात ओळखणारा एक दिवस येईल."

मी पुण्याचा. मामा भेंडी-चवळी आफ्रिकेची म्हणायचे, आणि भेंडी आमची, चवळी आमची, असा वाद मी नेमानं घालायचो. "खा आणि गप्प बैस," हे त्यांचं उत्तर. मी बसायचो, कारण भेंडी खरंच सुरेख असायची.

आफ्रिकेतला कुणी विद्यार्थी आला, की मामा टोमॅटोत शिजवलेला लाल भात वाढून त्याच्यासमोर उभे राहत. एक इथिओपियाचा, एक केनियाचा. दोघेही म्हणाले, "छान आहे." स्तुती ऐकून तोंड पाडणारा आचारीही मी तेवढाच पाहिला.

मग पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा लामिन आला, वैद्यकीचा विद्यार्थी. पहिल्याच घासाला त्याच्या कपाळावर आठी. "मीठ कमी आहे. आणि सुकी मासळी कुठाय? माझी आई घालते."

आम्ही मामांकडे पाहिलं. आता पळी फिरणार!

"तुझी आई हा भात करते?" मामांनी हळूच विचारलं.

"हाच. खालच्या खरवडीसाठी आम्ही भावंडं मारामारी करायचो."

मामा खुर्चीत बसले. पन्नाशीचा दांडगा गडी, पण डोळे पुसायचंही भान नव्हतं.

"आईला पत्र लिहिशील?"

"काय लिहू?"

"लिही, आपला एक मुलगा इकडे सापडलाय. आणि विचार, मासळी आधी घालायची की मागून?"