रातूंच्या पंगतीतला पोपटमासा

पोपटमासा प्रवाळ खरवडतो तेव्हा दगडावर दोन पांढरे ओरखडे उमटतात, अगदी शेजारी शेजारी. आमच्या गावासमोरच्या समुद्रात एका म्हाताऱ्या माशाचे तीन उमटत. त्याची चोच तडकलेली होती.

फिजीच्या राजधानीतून, सुवाहून, येणाऱ्या मत्स्यखात्याच्या दोन अधिकाऱ्यांना पाण्यात उतरवायचं, हा म्हातारा दाखवायचा, ते गावाची तारीफ करणार आणि आमचे सरदार रातू एकदाचे हा समुद्र जाळ्यांना कायमचा बंद करणार! माझा बेत पक्का होता. आजवरची बंदी तात्पुरती होती. विद्यापीठातून सागरविज्ञान शिकून आल्यापासून मी दर वर्षी कायमच्या बंदीची विनंती करायचे. दर वर्षी उत्तर यायचं, "पुढच्या बैठकीत बघू."

शनिवारी सकाळी आम्ही पाण्यात उतरलो. मासा नाही! एकही!

"बाई, मासे कुठे आहेत?" डोकं वर काढून एका अधिकाऱ्याने विचारलं.

"रोज असतात हो!" तपासणीच्या दिवशी अख्खा वर्ग पळून गेलेल्या मास्तरणीसारखी मी म्हणाले.

किनाऱ्यावर धूर दिसला. उनाईसीकाकू पातेलं ढवळत होती.

"काकू, जाळं कोणी टाकलं?"

"आम्हीच. पहाटे. रातूंनी परवानगी दिली. तूच म्हणालीस ना, पाहुण्यांना मोठे मासे दाखवायचेत?"

"पाण्यात दाखवायचे होते!"

"एवढ्या मोठ्या माणसांना भिजवून? हेच शिकवतात वाटतं तुमच्या विद्यापीठात!"

तिने केळीचं पान उचललं. खाली नारळाच्या दुधात माझा म्हातारा पहुडला होता. तडकलेली चोच वर करून!

माझं डोकं सणकलं. पंगत बसली तशी ओल्याच कपड्यांनी मी रातूंच्या बैठकीत शिरले. दोन्ही पाहुण्यांसमोर ताटं वाढलेली होती आणि म्हातारा रातूंच्या ताटात होता. पण आमच्याकडे रातूंशी थेट बोलता येत नाही. बोलणं जातं ते त्यांच्या भाट जोसाटेकीमामांमार्फत, आणि या माणसाच्या तोंडून शिवीसुद्धा सरबत होऊन बाहेर पडते.

"त्यांना सांगा," मी दातओठ खात मामांच्या कानात म्हणाले, "माझी सगळी मेहनत तुम्ही शिजवून खाल्लीत!"

मामांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवून मान झुकवली. "रातू, आलुमिता म्हणते, तिच्या मेहनतीचं आज चीज झालं."

रातू प्रसन्न हसले.

"मामा!" मी पुन्हा त्यांच्या कानाशी लागले. "मी म्हणतेय, असे पाहुणे दर महिन्याला आले तर समुद्रात शेपूटसुद्धा उरणार नाही!"

"ती म्हणते, असे पाहुणे दर महिन्याला यावेत."

"वा!" रातू म्हणाले. "मग दुपारी पुन्हा जाळं टाका. पाहुण्यांना बांधून देऊ!"

अधिकारी आपापल्या ताटात बघू लागले. मी मात्र उठून उभी राहिले. रातू बसलेले असताना त्यांच्यापेक्षा उंच! बैठकीतल्या माश्यासुद्धा खाली बसल्या असतील.

"रातू! पुन्हा जाळं टाकलंत तर मी ते कापीन! मग काढा मला गावाबाहेर!"

"बस गं, बस!" उनाईसीकाकू मागून माझा कमरेला गुंडाळलेला सुलू ओढत होती.

रातूंनी यंगोना प्यायची करवंटी खाली ठेवली. ते मामांकडे वळले.

"ही दर वर्षी एवढीच चिडलेली असायची?"

मामा खोकले. "थोडीफार, रातू."

"आणि तू मला काय सांगायचास? 'रातूंच्या सवडीने झालं तरी चालेल'?"

"मी असं कधीच म्हणाले नाही!" मी ओरडले. कायमच्या बंदीला जळमटं कुठे लागली होती, ते आत्ता कळलं!

रातूंनी ताटातली तडकलेली चोच उचलून पाहिली.

"मी मेल्यावर तुम्ही रीतीप्रमाणे माझ्या मानासाठी शंभर रात्री समुद्र बंद ठेवाल. मेलेल्याला त्यातलं काय दिसणार? जोसाटेकी, सगळ्यांना सांग. साखर न घालता."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्या पोटावरच पाय दिल्यासारखं.

"समुद्र बंद," ते म्हणाले. "आजपासून. कायमचा! आणि आलुमिता, रातू म्हणतात, आता तरी खाली बस!"