आपत्ती उद्या आहे

साताऱ्याकडच्या औंधच्या अलीकडे माळावर रसायनांचा एक कारखाना आहे. तिथे घातक कचऱ्याचा अपघात नेमका कधी व्हावा, हे ठरवण्यासाठी व्यवस्थापनाने रीतसर बैठक घेतली. अपघात शुक्रवारी सकाळी, मुख्य गेटपाशी, पश्चिमेचा वारा असताना व्हावा, असे एकमताने ठरले. रंगीत तालीम पाहायला जिल्ह्याहून समिती येणार होती. तिला ऊन लागू नये म्हणून गेटबाहेर मांडव पडला. शेजारच्या गावाला निमंत्रण गेले: सायरन वाजताच सर्वांनी मांडवात जमावे, नंतर बासुंदी-पुरीचे जेवण.

या साऱ्याची जबाबदारी मानसिंग फडतऱ्यांवर होती. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते कारखान्याचे सुरक्षा अधिकारी झाले होते. सरहद्दीवर त्यांनी बर्फात खंदक खणले होते. इथे आठवडाभर मांडवाच्या झालरीचा रंग ठरवत होते.

गुरुवारी दुपारी मागच्या शेडमधली टाकी फुटली. वापरून झालेले आम्ल तिच्यात साठवले होते. पिवळट धूर वर आला आणि मानसिंग सायरनच्या बटणाकडे धावले. तिथे संयोगिता मॅडम उभ्या होत्या. आपत्कालीन योजना त्यांनीच लिहिली होती.

"फडतरे, सायरन उद्या आहे."

"मॅडम, टाकी आज फुटलीय!"

"म्हणूनच सांगते. आज वाजवला तर लोक आजच येऊन जातील. उद्या समितीसमोर रिकाम्या खुर्च्या ठेवायच्या का?"

प्रकरण जनरल मॅनेजर जयराज साहेबांपुढे गेले. साहेबांनी शांतपणे योजना उघडून मानसिंगांना विचारले,

"योजनेत गळती कुठे आहे?"

"मुख्य गेटला, साहेब."

"आणि गेटला गळती आहे?"

"न्हाई, पण शेडमधी..."

"म्हणजे आपल्याकडे गळती नाही."

मग शेडमध्ये जे चालले होते त्याला काय म्हणावे, यावर चर्चा सुरू झाली. 'गळती' म्हटले तर वर कळवावे लागत होते. 'ठिबक' म्हटले तर शेतीखाते अनुदान घेऊन दारात आले असते. शेवटी मॅडमनी 'द्रवाचे ऐच्छिक स्थलांतर' हा शब्द सुचवला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तोवर द्रव स्वेच्छेने गटारापर्यंत पोचला होता. मानसिंगांनी आम्लावर टाकायला चुना मागवला, तर आणीबाणीसाठी राखलेला सगळा चुना समितीच्या स्वागताच्या रेघा मारण्यात संपलेला. त्यात वाऱ्याने योजना वाचलेली नव्हती. तो पूर्वेकडून, गेट ओलांडून सरळ गावाकडे वाहत होता.

गावात मानसिंगांचे घर होते. बायको मनुबाई या वेळी ओसरीवर शेंगा फोडत बसलेली असणार, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसले. त्यांनी धावत पुन्हा बटण गाठले, आडवा आलेला मॅडमचा हात बाजूला केला आणि ते दाबले.

गाव पळाले. पण मांडवाच्या दिशेने! लोक धुतले कपडे घालून, पोरेबाळे घेऊन आले. मनुबाईही पदर सावरत आली. म्हातारा तात्याबा पहिल्या रांगेत सोफ्यावर बसला.

"पळा! मागं फिरा! खरा वायू हाय!" मानसिंग खोकत ओरडले.

"लय भारी काम करतोय गड्या," तात्याबा शेजाऱ्याला म्हणाला. "डोळ्यांत पाणीसुदीक आणलंय."

टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. एकजण ओरडला, "आवं मानसिंगराव, जरा हिकडं बघून खोका की!"

धूर गेटपर्यंत आला. कुणी नाकाला रुमाल लावला, पण खुर्ची सोडीना. शत्रू चाल करून आला तर काय करायचे, हे फौजेने मानसिंगांना शिकवले होते. पंगतीला बसलेल्या पब्लिकचे काय करायचे, हे नव्हते शिकवले. ते टेबलावर चढले आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून ओरडले, "जेवान डोंगरावर हाय! यमाईच्या डोंगरावर! पयली पंगत बसली बगा!"

मांडव बघता बघता ओस पडला. योजनेत ज्या कामाला बसगाड्या, कर्णे आणि अर्धा दिवस धरला होता, ते बासुंदीच्या नुसत्या नावाने झाले. गुडघे धरून बसणारा तात्याबा सगळ्यांच्या पुढे होता.

संध्याकाळी शहरातून बंब आला आणि टाकीची चीर बुजवली गेली. कुणी दगावले नाही. मानसिंग डोंगराकडे बघत दगडावर बसले. छाती जळत होती, पण कित्येक वर्षांनी पगाराला जागल्यासारखे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप दोन: मंजुरीपूर्वी आपत्ती उरकणे आणि जेवणाबाबत जनतेची दिशाभूल.

ग्रामसभा तापली. वायूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"वायूचं सोडा वो," तात्याबा गरजला. "म्हाताऱ्या माणसाला डोंगर चढवला आन् वर साधा च्या न्हाई!"

जयराज साहेबांनी हात जोडून माफी मागितली आणि भरपाई म्हणून घरटी एक मोठे निळे प्लॅस्टिकचे बॅरल जाहीर केले, झाकणासकट. कारखान्याचे गोदाम रिकाम्या बॅरलांनी भरले होते आणि त्यांची शास्त्रशुद्ध विल्हेवाट महाग पडत होती.

मानसिंग उठले. "आवं, त्या बॅरलातनंच आमच्याकडं इख येतं. ती घरात घेऊ नका."

"बस खाली!" चहूकडून आवाज आला. "तुझं ऐकून डोंगर चढलो की काल!"

घरी आले तर मनुबाईने बॅरलात पाणी भरूनही ठेवले होते. "लय घट हाय बगा. मुंगीसुदीक फिरकत न्हाई जवळ." मानसिंगांनी बॅरल अंगणात पालथे केले. मनुबाई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

गावाला वाटून उरलेली बॅरले टेंपोत भरून सातारा-सांगलीच्या बाजारांत गेली आणि हातोहात खपली. एखादे तुमच्याही गच्चीवर किंवा न्हाणीघरात असेल. घेताना किती वर्षे टिकेल, झाकण घट्ट बसते का, हे तुम्ही ठोकून ठोकून विचारले असणार. आधी त्यात काय होते, एवढेच विचारायचे राहिले असेल, तर कृपा करून तात्याबाला हसू नका.