सदाशिवरावांचं पक्कं हिरवं लॉन

कोजागिरी तोंडावर आलेली असताना सदाशिवरावांचं लॉन जळालं.

आग वगैरे लागली नव्हती. अमेरिकेतल्या मुलाने, साकेतने, फोनवर सांगितलं होतं, "बाबा, इकडं ऑक्टोबरात लॉन बारीक कापतात अन् पोटभर खत देतात. मग ते थंडीभर झोपतं आणि बर्फ वितळला की उठतं." सदाशिवराव भूमी अभिलेख कचेरीतून निवृत्त झालेले. आलेली सूचना जशीच्या तशी अमलात आणायची, हा जन्माचा शिरस्ता. त्यांनी गवत भादरलं आणि वरून मुठी मुठी युरिया फेकला. पण साकेतच्या ऑक्टोबरात लोक स्वेटर घालतात आणि इथल्या, नेरच्या, ऑक्टोबरात डोक्याला दुपट्टा बांधतात. त्यात लोडशेडिंगमुळे बोअरची मोटर दिवस दिवस मुकी. गवत झोपलं ते झोपलंच.

त्या वर्षी नेरमध्ये कापसाच्या पडलेल्या भावाशिवाय दुसरा विषय नव्हता. अशा गावात दारापुढं मुद्दाम गवत लावणारा माणूस आधीच प्रसिद्ध झालेला. "काकाजी, हे गवत कापसावानी कोन्त्या जिनिंगात नेता?" असं जाणारे-येणारे विचारत. सदाशिवराव हसून सोडून देत. पण घरात सोडून देण्याची सोय नव्हती.

"महिला मंडळाच्या बाया येऊन राह्यल्या कोजागिरीले," त्यांच्या पत्नी सुचित्राबाई म्हणाल्या. "लॉनवर बसू म्हणून मी साऱ्याईले सांगून बसली. पांढऱ्या साड्या नेसून येऊन राह्यल्या त्या. काय दाखवू त्याईले? हे वाळलं कुटार? लॉन हिरवं नाही दिसलं ना, तर दिवाळीच्या आत इथं मेथी लावीन!"

सदाशिवराव तडक बाजारात रहमतभाईंकडे गेले. रहमतभाई साड्या रंगवायचे. दोघांची दोस्ती शाळेपासूनची.

"रहमत, गवत रंगवता येते काय बावा?"

रहमतभाईंनी दाढी खाजवली. "कापूस झाडालेच लागते ना भाऊ? तो रंगते, तर गवत काहून नाही रंगणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. "पण रंग पक्का आहे ना?"

"पक्का म्हंजे? साडी फाटन, पर रंग नाही जाणार!"

कोजागिरीच्या दिवशी दोघांनी फवारणीचा पंप आळीपाळीने पाठीवर घेतला. "काकाजी, बोंडअळी पडली काय?" रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं. सदाशिवरावांनी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत लॉन पोपटासारखं झालं. सुचित्राबाईंनी गॅलरीतून पाहिलं आणि दूध आटवायला घेतलं. म्हणजे पसंत होतं.

चंद्र वर आला. पांढऱ्या साड्यांचा घोळका लॉनवर आला. सदाशिवरावांनी घाईघाईने सतरंजी आणली, तर मंडळाच्या अध्यक्ष बेबीताई म्हणाल्या, "सतरंजी कायले? गवतावर बसायलेच तं आलो आम्ही!" सगळ्या फतकल मारून बसल्या. गाणी झाली, भेंड्या झाल्या, हळूहळू दव पडू लागलं. चांदण्यात सगळं छान दिसत होतं.

मग बेबीताई पेला ठेवायला ओसरीवर आल्या आणि परत जायला वळल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात सदाशिवरावांनी त्यांची पाठ पाहिली. कमरेखाली लॉन जसंच्या तसं उतरलं होतं. त्यांनी पटकन बटण बंद केलं.

"लाइट काहून गेली?"

"लोडशेडिंग, ताई."

"बाजूले तं आहे!"

बेबीताईंनी स्वतःच बटण दाबलं. आता तिथवर आलेल्या बाकीच्या बायांनी त्यांना पाहिलं, किंचाळल्या, आणि मग प्रत्येकीने मान वळवून स्वतःकडे पाहिलं. त्यानंतर जे झालं, ते ऐकून शेजारची माणसं काठ्या घेऊन बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या साड्या गाठोडी होऊन सदाशिवरावांच्या अंगणात आल्या. साबण झाला, रिठा झाला, लिंबू झालं. दवाने धुतलेलं गवत पुन्हा पिवळं पडलं होतं, पण साड्यांवरचा हिरवा हलेना.

"सांगतलं होतं न भाऊ?" रहमतभाई अभिमानाने म्हणाले. "पक्का!"

"रहमत, मले मारतीन रे त्या!"

आता उपाय एकच होता. रहमतभाईंनी दुकानातला उरलासुरला हिरवा रंग काढला आणि साड्या पदरापासून काठापर्यंत त्यात बुडवल्या.

साड्या न्यायला बाया आल्या तेव्हा सदाशिवराव स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते. बेबीताईंनी एक साडी उचलली. दुसरी उचलली. तिसरी उलटून पाहिली.

"बाई," शेवटी बेबीताई म्हणाल्या, "मंडळाच्या साडीचा रंग ठरवता ठरवता दोन सेक्रेटऱ्या राजीनामा देऊन गेल्या. हे तं एका रात्रीत झालं! उद्या साऱ्या जणी ह्याच नेसा. फोटो काढू मंडळाचा."

टाळ्या पडल्या. सदाशिवराव दाराआडून बाहेर आले, तर त्यांनाही टाळ्या मिळाल्या.

बाया गेल्यावर सुचित्राबाई मात्र हिरमुसल्या. कोजागिरीला त्या सारखी उठबस करत दूध वाढत होत्या. गवताला त्यांची साडी लागलीच नव्हती. मंडळात एकटी त्यांचीच साडी पांढरीशुभ्र राहिली होती.

"रहमतभाई, माही पण रंगवून द्या न," निघालेल्या रहमतभाईंना त्या म्हणाल्या.

"भाभी, रंग खतम. नागपूरहून माल येईन तवा. आता जो काही असन, तो तुमच्या गवताच्या बुडाशी."

सुचित्राबाई आत गेल्या आणि ती पांढरी साडी नेसून आल्या. रस्त्यावर कोणी नाही असं पाहून लॉनच्या मधोमध बसल्या.

"पाणी मारा," त्या म्हणाल्या.

नशिबाने लाइट होती. सदाशिवरावांनी पाइप आणला. "अवं, पण असं बसून पुरी साडी कशी रंगन?"

"पुरी कायले पाह्यजे?" सुचित्राबाई जरा सरकून बसल्या. "फोटोत मी पाठमोरी उभी राहीन."