मंजुळाऊंचे औषध आणि नागोजीरावांची उरली चूक

श्री. जे मोजता येते आणि जे मोजूनही हाती लागत नाही, त्या उभयतांच्या स्वामीस नमस्कार करून हे कथन आरंभिले. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्षमासी एक राज्य सुखे नांदत होते. महाराज प्रजावत्सल, पोटी एकच कन्या मंजुळाऊ, वय लहान, बोलणे गोड. परंतु दैवयोगे त्यांस झटके येऊ लागले. खेळता खेळता हातपाय ताठ व्हावे, डोळे फिरावे, आणि राणीसाहेबांनी तोंडात पदर धरून रडावे. मग राजवैद्य अनंतभट यांणी औषध योजिले. औषध गुणकारी तितकेच दांडगे. अंगात कमी पडले तर झटका, जास्त जाहले तर लेकरू ग्लानीत जाऊन श्वास मंदावे. यास्तव थेंबभर रक्त घेऊन त्यात औषध किती आहे हे मोजण्याचे काम नागोजीराव पारखी यांजकडे दिले, आणि ती मापे गणकयंत्रात घालून औषध अंगात कैसे चढते, कैसे उतरते याची रेघ काढण्याचे काम त्यांचे कुटुंब भिवराबाई यांजकडे सोपविले. रेघ पाहून पुढील मात्रा वैद्यांनी ठरवावी, ऐसा बंदोबस्त जाहला.

आता यंत्राची रीत ऐशी की रेघ आणि माप कधी तंतोतंत जुळत नाहीत, मध्ये थोडे अंतर उरतेच. त्यास उरली चूक म्हणत. ती सर्व मापांत सारखी, की माप वाढेल तैशी वाढणारी, की दोहोंची मिसळ, हे गणकाने सांगितल्यावाचून यंत्र पुढे चालत नसे. येथे भिवराबाई थबकल्या. नागोजीराव उतारवयास लागले होते, अक्षर डोळ्यांशी धरून वाचीत होते, हे त्या घरी नित्य पाहात. परंतु आपल्या धन्याची चूक वाढती आहे ऐसे भर दरबारी कोणत्या तोंडाने सांगावे? मग त्यांणी कोणास न विचारता "चूक सर्वत्र सारखी" ऐसे यंत्रास सांगितले आणि पुढे गेल्या.

यंत्र भोळे. सांगितले ते त्याने खरे मानिले. मोठ्या मापांत जे हेलकावे होते ते सत्य समजून त्यांचेच मागे धावले, आणि औषध अजून अंगात रेंगाळत आहे ऐसे जी लहान मापे सांगत होती ती चुकीत जमा धरून सोडून दिली. तेणेकरून रेघ लवकर भुईस टेकली. वैद्य समजले, औषध सरले. मात्रा वेळेआधी पडू लागली आणि औषध अंगात साचत गेले. मग एके सकाळी मंजुळाऊंची पापणी उघडेना. "आईसाहेब" म्हणता म्हणता लेकरू अर्ध्या शब्दात निजले. राणीसाहेबांनी लेकरू मांडीवर घेतले ते खाली ठेवीनात. औषध तात्काळ थांबविले. परंतु थांबविले म्हणजे झटके पुन्हा येणार, ऐसा दुहेरी पेच पडला.

महाराजांनी कचेरी भरविली आणि पुसले, "कसूर कोणाची?"

अनंतभट हात जोडून बोलिले, "मात्रा रेघेप्रमाणे दिली, रेघ मापांवरून निघाली. मापेच खोटी असतील तर आम्ही काय करावे?"

सर्वांची नजर नागोजीरावांकडे वळली. ते मान खाली घालून उभे राहिले. तो भिवराबाई पुढे होऊन बोलिल्या, "महाराज, मापे खोटी नाहीत. कसूर माझी. यांची चूक कैशी आहे हे यांना विचारायचे, ते मी मायेपोटी आपल्याच मनाने यंत्रास सांगितले."

महाराजांनी आतल्या दालनाकडे पाहिले. मग म्हणाले, "माया आम्हांसही आहे, बाई. ती आत निजली आहे. संध्याकाळपावेतो खरे काय ते घेऊन या."

मग उभयता पारखखान्यात आली. भिवराबाई म्हणाल्या, "तुम्ही किती चुकता, ते मला तुमच्या तोंडून हवे."

"एवढा संसार झाला, हे कधी विचारले नाहीस."

"भय वाटे. उत्तर आले की तुम्ही म्हातारे झालात हे खरे होईल."

नागोजीराव हसले आणि म्हणाले, "वेडी आहेस, भिवरे. मी तरणा होतो तेव्हाही चुकतच होतो. औषध फार असले की रक्त पातळ करून मोजावे लागते, मग आलेले माप तितक्या पटीने वाढवावे लागते. मापाबरोबर चूकही वाढते. त्यात वयाचे काय?"

मग त्यांणी औषध फार असलेला एकच नमुना पुनःपुन्हा मोजून दाखविला. मापे दूरदूर पडली. औषध थोडे असलेला नमुना मोजला; मापे जवळजवळ आली. भिवराबाई म्हणाल्या, "मग चूक वाढती, इतकेच सांगू ना?"

"थांब," म्हणून त्यांणी औषधाचा कणही नसलेले पाणी मोजले, तरी काटा जरासा हललाच. म्हणाले, "हे पाहा. काही नाही तेथेही मला काहीतरी दिसते. ही चूक निराळी. ती वाढत नाही आणि जातही नाही. हिला वगळशील तर यंत्र या पोकळ हलण्यालाच सत्य मानील, रेघ भुईस टेकणारच नाही. मग मात्रा उशिरा पडेल आणि पोरीला झटका येईल."

भिवराबाईंस सर्व उमगले. मिसळ चूक सांगावयास बसल्या आणि बोटे अडखळली. नागोजीरावांनी त्यांचा हात धरून यंत्रावर ठेविला. "सांग. माझेच आहे. तू सांगितलेस तर मला लाज नाही."

मग नवी रेघ निघाली, ती सावकाश उतरणारी, लांब शेपटीची. अनंतभटांनी ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मात्रा कमी करून दोन मात्रांमधील अंतर वाढविले. नागोजीरावांपाशी येऊन म्हणाले, "राव, मी तुमच्या मापांवर बोट ठेविले ते भिऊन ठेविले." नागोजीराव म्हणाले, "लेकरू निजले होते, भटजी. भिणार नाही तो कोण?"

पुढे ग्लानी उतरली. एके दुपारी मंजुळाऊ उठून बसल्या आणि म्हणाल्या, "दहीभात द्या, आणि मला कोणी भरवू नका." राणीसाहेब हसता हसता रडल्या. मध्यंतरी एक झटका आला, तोही हलका. मात्रा किंचित बदलली आणि तेही निभावले. महाराजांनी उभयतांस शेला दिला आणि मागणे पुसले. नागोजीराव बोलिले, "दरसाल आमची चूक किती हे नव्याने पुसावे. आणि ते हिनेच पुसावे." भिवराबाईंनी शेल्याच्या पदराने डोळे टिपले.

एवंच, राजकन्या वाचली, पारख्याचे पद राहिले, आणि नवराबायकोत एक बोलणे कैक वर्षे अडले होते ते बोलून जाहले. लिहिणाराचेही कोठे कमीजास्त पडले असेल. वाचणाराने खुशाल सांगावे, राग येणार नाही. येथे लेखणी ठेविली.