दस्तगीरभाईंचं न्यूयार्क

आमच्या मंगळवार पेठेतून गाठोडं घेऊन परगावी निघणं सोपं नाही. वाटेत दस्तगीरभाई नालबंदांचं दुकान लागतं. तुम्ही पुण्याला निघा, गडमुडशिंगीला निघा, नाहीतर पलीकडच्या शिवाजी पेठेत मावशीकडे चार दिवस राहायला निघा. हातात गाठोडं दिसलं की दस्तगीरभाई घोड्याचा उचललेला पाय खाली सोडतात आणि रस्त्यात आडवे येतात.

"कुठं निघालं पावणं?" असं ते विचारतात खरं, पण उत्तर ऐकायला थांबत नाहीत. "बरं, एक ध्यानात ठेवा. गर्दीत शिरल्यावर मान वर करून इमारती बघू नगासा. वर बघितलं की वळखत्यात, नवा हाय म्हणून. खिसा गेलाच."

गडमुडशिंगीत मान वर करून बघायला फक्त चिंचेची झाडं आहेत. पण दस्तगीरभाईंच्या सूचना गडमुडशिंगीसाठी नसतातच. त्या न्यूयार्कसाठी असतात.

आमच्या गल्लीतली एक मुलगी लग्न होऊन सासरी निघाली होती. गाडीत बसून हमसून हमसून रडत होती. दस्तगीरभाईंनी बैलांचे कासरे धरून गाडी थांबवली आणि म्हणाले, "पोरी, रडू नको. डोळं लाल दिसलं तर तिथला डाक्टर उतरूनच घेत न्हाई. कोटावर खडूची फुली मारतो आणि त्याच बोटीनं परत धाडतो." नवरी रडता रडता खुदकन हसली. तिच्या सासरच्या माणसांनी मात्र डाक्टर कुठला आणि मुलीच्या डोळ्यांना काय झालंय, याची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. त्याची समजूत मलाच घालावी लागली. मी शाळामास्तर आहे, आणि गल्लीत कुणाचंही काही बिघडलं की त्यात आपलाच काहीतरी दोष असणार असं मला वाटत राहतं.

दस्तगीरभाई न्यूयार्कला गेले होते ते एका सर्कशीबरोबर. आपल्याच मुलखातली सर्कस होती. तिच्या घोड्यांना त्यांनी नाल मारले, मालकाला काम पसंत पडलं, आणि घोडे बोटीत चढले तसे दस्तगीरभाईही चढले. एक हिवाळा त्यांनी त्या शहरात काढला. तिथून परत आल्यापासून त्यांच्याकडे दोन धंदे आहेत. एक नाल मारायचा, दुसरा वाटसरूंना शहाणं करायचा.

त्यांच्या दुकानासमोर गणू शिंपी बसतो. त्याला कपडे शिवण्यापेक्षा दस्तगीरभाईंना उसवण्यात जास्त गोडी.

"भाई, घरावर घर, त्याच्यावर घर, त्याच्यावर बी घर. मग सगळ्यात वरचा माणूस म्हस कुठं बांधतो ओ?"

"म्हशीच न्हाईत तिथं."

"मग दूध?"

"बाटलीत येतं. दारात ठेवून जात्यात."

"ऐकलं का रं! बाटलीची म्हस!" गणू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा. दस्तगीरभाई कधी चिडायचे नाहीत. घोड्याचा खूर तासत शांतपणे म्हणायचे, "गणूदादा, तू गेलास की बाटली दगडावर आपटू नको. रिकामी परत द्यायची असती."

त्यांच्या बाकीच्या सूचनाही ठरलेल्या असायच्या. आगगाडी लोखंडी खांबांवरून माणसांच्या डोक्यावरून धावते, तेव्हा खाली उभं राहू नका, तेल गळतं. एक खोली असते, ती माणसांना घेऊन वर चढते. तिच्यात ओरडू नका, ती आपोआप थांबते. पाणी दिलं तरी आभार माना, वाट सोडली तरी आभार माना, पाय तुडवला तर आधी आपणच माफी मागा. आणि रस्त्यात कुणाला "कुठलं गाव? कुणाचं तुम्ही?" असं मुळीच विचारू नका. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. "इचारलं की माणूस पळतो ओ मास्तर. मी पयल्या दिवशी पंधरा-वीस माणसं पळवली."

पेठेत कुणी म्हणे खरं, कुणी म्हणे थाप. मला मात्र शंका नव्हती. एकदा त्यांनी ट्रंक उघडून मला एक नाल दाखवला होता. तो जेवणाच्या ताटलीएवढा होता. "तिथली माल ओढणारी घोडी," ते म्हणाले, "पाय मांडीवर घेतला की माझीच मांडी मोडंल असं वाटायचं." आमच्या संस्थानच्या महाराजांच्या पागेतल्या सगळ्यात मोठ्या घोड्याचे दोन पाय त्या नालात बसले असते. असला नाल थापेत घडत नाही.

तर अशा दस्तगीरभाईंना इतक्या वर्षांत न्यूयार्कला जाणारा एकही माणूस भेटला नव्हता. आणि मग माझा भाचा भूपाल निघाला.

भूपाल हा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. अक्का विधवा झाल्यापासून दोघं माझ्याकडेच राहतात. पोरगा हुशार निघाला आणि यंत्रविद्या शिकायला अमेरिकेला जाण्यासाठी दरबारानं त्याला निवडलं. घरात आनंद झाला, पण अक्का गप्प होती. आईची संमती असल्याखेरीज पोराला पाठवायचं नाही, असं दरबारातून बजावलेलं होतं. अक्का धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. मला वाटलं, तिथली खडान्‌खडा माहिती असलेला माणूस घरी आला तर तिला धीर येईल. म्हणून मीच दस्तगीरभाईंना बोलावून आणलं. ही अक्कल माझी.

ते आले तेव्हा मी ओळखलंच नाही. नखांतली काजळी दगडानं घासून काढलेली, अंगात सर्कशीतला जुना काळा कोट, त्याला पितळी गुंड्या. घोंगडीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानंच भूपालला सांगायला लागले आणि दिवेलागण झाली तरी सांगतच राहिले. डाक्टर, खडू, पापण्या उलटून डोळे बघणारी माणसं, डोक्यावरची आगगाडी, चढणारी खोली, खिसेकापू, काही विचारलं की पळणारे लोक. इतकी वर्षं पागेत बांधून ठेवलेला घोडा माळावर सोडावा तसं त्यांचं झालं होतं. भूपाल तोंड उघडं टाकून ऐकत होता. माझी छाती फुगली होती.

स्वयंपाकघराच्या दाराआड अक्का भाकरी थापत होती. भाकरी करपल्याचा वास आला. अक्काच्या हातची भाकरी मी जन्मात करपलेली पाहिली नव्हती.

दस्तगीरभाई गेल्यावर ती बाहेर आली.

"तात्या, मी पोराला सोडत न्हाई."

"अगं, पण—"

"जिथं माणूस माणसाला कुठलं गाव म्हणून इचारत न्हाई, तिथं माझं पोर रस्त्यात पडलं तर कळंल कुणाला?"

भूगोल शिकवतो मी. याचं उत्तर भूगोलात नव्हतं. आठ दिवस मी समजावलं. भूपालनं जेवण सोडून पाहिलं, तर अक्कानंही सोडलं. शेवटी दोघांनाही मीच जेवायला बसवलं. दरबारचा निरोप आला की उद्यापर्यंत काय ते कळवा, दुसरा मुलगा तयार आहे.

मी दस्तगीरभाईंच्या दुकानात जाऊन बसलो. "तुमची काही चूक नाही," मी म्हणालो, "बोलावलं मी. पण तुमचं ऐकून अक्का भ्याली. पोराचं जाणं राहिलं."

त्यांच्या चिमट्यात तापलेला नाल होता. तो ठोकायचा विसरून ते नुसतेच उभे राहिले. नाल लाल होता, तो काळा पडला.

"माझ्यामुळं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. या वेळी कोट नव्हता. अंगणात गणू शिंपी माझ्या सदऱ्याचं माप घ्यायला आलेला, शेजारच्या दोन बायका दळण घेऊन थांबलेल्या. दस्तगीरभाईंनी पागोटं काढून हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, मी न्यूयार्क बघितलंच न्हाई."

"म्हंजे ओ?"

"बोट बघितली. मुंबईत. पाय टाकला तर डोकं गरगराय लागलं. उतरलो खाली. सर्कस गेली फुडं, मी टांग्याच्या घोड्यांस्नी नाल मारत मुंबईतच दिस काढलं. परत आल्यावर लाज वाटली, म्हणून थापा मारल्या."

गणूनं माप घ्यायची दोरी खाली टाकली. "मी म्हणत न्हवतो? म्हणत न्हवतो मी?"

मी बोलायला तोंड उघडलं. लाथ झाडायच्या बेतात असलेल्या घोड्याकडे ते जसं बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

अक्का पुढं झाली. "आणि ती वर चढणारी खोली?"

"थाप."

"डोक्यावरनं जाणारी आगगाडी?"

"आगगाडी कधी डोक्यावरनं जाईल व्हय, अक्का?"

"आणि माणसं बोलत न्हाईत, ते?"

इथं ते अडखळले. पागोट्याची घडी उगीचच उलगडून पुन्हा घातली. "माणसं हाईत म्हंजे बोलणारच की ओ," ते म्हणाले. "न बोलता कुठं ऱ्हात्यात व्हय माणसं?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "भाई, तुमच्या जिभंला काय हाड? आठ दिस डोळ्याला डोळा न्हाई माझ्या!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तात्या, जा म्हणावं त्याला. दरबारात कळीव."

तासाभरात ही बातमी पेठभर झाली. पोरं दुकानासमोरून जाताना ओरडायला लागली, "चाचा, न्यूयार्कची बोट पंचगंगेतनं सुटती काय ओ?" गणूनं तर येईल त्या गिऱ्हाइकाला सगळा प्रसंग करून दाखवायचा धंदाच लावला. दस्तगीरभाई मान खाली घालून खूर तासत राहिले. गाठोडी घेतलेली माणसं समोरून जात राहिली, पण त्यांनी कुणालाही अडवलं नाही.

मला राहवेना. भूपाल निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या बाजूला, घोडे उभे करायच्या फरशीवरून आवाज येत होता. बघतो तर फरशीभर खुरांना लावायचं तेल ओतलेलं, आणि त्यावर भूपालचा हात धरून दस्तगीरभाई पाऊल पाऊल चालताहेत.

"टाच न्हाई, टाच न्हाई! अख्खं पाऊल टेकीव. थंडीत तिथला रस्ता असा होतो बघ, काचंवाणी. टाच आधी टेकलास की आडवा."

भूपाल मला बघून दचकला. "मामा, आईला सांगू नका. रोज येतो मी."

मी तेलाच्या कडेला उभा राहिलो. "भाई, सगळ्या पेठेत स्वतःला खोटं पाडून घेतलंत. कशासाठी?"

त्यांनी भूपालला भिंतीला धरून उभं केलं आणि फडक्यानं हात पुसले.

"मी गेलतो तवा आईला सांगितलंच न्हाई, मास्तर. सांगितलं असतं तर सोडलं नसतं तिनं. मिरजेला जातो म्हणालो, चार दिसांत येतो. ती रोज टेसनावर जायाची म्हणं. मिरजेच्या गाडीतनं उतरंल त्याला इचारायची, माझा दस्तगीर दिसला का?" त्यांनी हातातलं फडकं पिळलं. "येताना सगळ्या बोटभर मी एकेक ध्यानात आणत आलो, आईला हे सांगायचं, आईला ते सांगायचं. घरी आलो तर दाराला कुलूप. म्हातारी जाऊन सहा महिनं झालतं."

त्यांनी फडकं खुंटीला अडकवलं.

"मग जो समोर येईल त्याला सांगत बसलो," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? पण ह्याला त्याची आई जा म्हणाली. स्वतःच्या तोंडानं म्हणाली."

बाहेर अंधारून येत होतं. त्यांनी पुन्हा भूपालचा हात धरला आणि त्याला फरशीच्या मधोमध आणलं.

"हं. ह्या कडंपासनं त्या कडंपतूर. आता मी हात सोडतो बघ. तिथं मी न्हाई."