घोड्याची वाट आणि रास्त भावाचं कार्ड

माणूस घाईत लग्न करतो, घाईत घर घेतो, घाईत मत देऊन येतो, आणि त्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. ग्राफिक्स कार्ड घाईत घेणाऱ्याला मात्र सुज्ञ समाज क्षमा करत नाही. (कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी ती पाटी, जिच्यामुळे खेळातला घोडा घोड्यासारखा पळतो.)

करागंदा शहराच्या उष्णता-पुरवठा कार्यालयातले बेइबूत हे असे सुज्ञ गृहस्थ होते. त्यांची मुलगी जानेल सातवीत गेली तेव्हा तिनं एकच मागणं घातलं. "पापा, आपण दोघं मिळून खेळू. तुम्ही घोडा दामटा, मी मागं बसून बाण मारते." बेइबूत यांनी शब्द दिला आणि महिन्याच्या आत गेमिंगचा कॉम्प्युटर घरात आणला. त्यात सगळं होतं, फक्त कार्ड नव्हतं. कार्ड नसल्यानं पडदा काळा होता, पण फार मोठा होता.

नवी वस्तू आली की वडीलधाऱ्यांनी येऊन पोरांच्या हातावर बायगाझी, म्हणजे नव्या वस्तूच्या आनंदाचे पैसे, ठेवायची, ही रीतच. बेइबूत यांच्या थोरल्या बहीण कुल्याश आपा आल्या, जानेलला नोट दिली आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"बंद आहे का रे हे?"

"नाही आपा, तयार आहे."

आपांनी तयारीला आशीर्वाद दिला आणि मूठभर टॉफ्या उधळल्या. एक टॉफी कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत, नेमकी कार्डासाठी राखलेल्या खाचेवर जाऊन बसली. जानेल काढायला निघाली तर बेइबूत म्हणाले, "राहू दे, आठवड्यात कार्ड येईलच, तेव्हा काढू."

आता कार्ड निवडण्याचं शास्त्र बघा. जे परवडतं ते कधी घेऊ नये, कारण त्यात थोडी भर घातली की त्याहून बरं मिळतं. त्या बऱ्यात पुन्हा थोडी भर घातली की उत्तम मिळतं. अशा थोड्याथोड्या भरी घालत बेइबूत एका रविवारी अशा रकमेला पोचले की तेवढ्या तेंग्यांत बाजारात घोडा आला असता, खरा, खोगिरासकट. तेव्हा ते खाली उतरले. सर्वांत वरचं कार्ड मूर्ख घेतात आणि सर्वांत खालचं अभागी, हे त्यांना मान्य होतं. राहिलं मधलं. पण लवकरच नवी मालिका येणार होती, मग मधलं स्वस्त होणार होतं. नवी मालिका आली. जाणकारांनी जुनीच बरी होती असा निर्वाळा दिला, आणि जुनी तोवर संपली होती.

"मला एकदाच बघून हो म्हणालात की," त्यांची बायको मैरा एकदा म्हणाली.

"तेव्हा तुलनेसाठी पुरेशी माहिती उपलब्ध नव्हती," बेइबूत प्रामाणिकपणे म्हणाले. (त्या आठवड्यात त्यांनी आपला चहा आपणच केला.)

वापरलेल्या कार्डांचाही त्यांनी अभ्यास केला. एक विक्रेता शपथेवर सांगत होता की कार्ड एका कॉलेजकन्येनं फक्त कार्टून बघायला वापरलंय. फोटोत मागं फळीवर तशीच आणखी चाळीसेक कार्डं दिसत होती. मुलीला कार्टूनचा नाद भलताच असावा.

होता होता बेइबूत यांचा अधिकार वाढला. कार्यालयातले लोक त्यांचा सल्ला घेऊन कार्डं आणू लागले, आणि कुणाला पश्चात्ताप झाला नाही. ती मंडळी रोज संध्याकाळी खेळत. बेइबूत त्यांना, तुम्ही कसे जरा लवकर घेऊन फसलात, ते समजावून सांगत.

आठवीत जानेलनं विचारलं, "पापा, कार्ड?" ते म्हणाले, "शरदात भाव पडतायत." नववीत तिनं नौरुझच्या सणाला विचारलं. दहावीत विचारलं नाही. मुलगी समजूतदार झाली, असं बेइबूत सगळ्यांना अभिमानानं सांगत. मग ती शिकायला अस्तानाला गेली आणि वसतिगृहात राहू लागली.

आणि त्याच शरदात भाव खरोखर पडले! बेइबूत यांनी कार्ड घेतलं, अगदी रास्त भावात. घरी येऊन पेटी उघडली तर टॉफी वितळून खाचेत चिकटून बसलेली. दात कोरायच्या काडीनं ते ती हळूहळू खरवडू लागले. तिला अजून दुधाचा वास येत होता. त्या वासानं त्यांना सातवीतली जानेल आठवली. इतकं वाईट त्यांना भाव चढल्यावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

कार्ड बसलं. पडदा उजळला, घोडा उभा राहिला. त्यांनी फोन लावला.

"पापा! खरंच आणलंत? मग खेळात या ना आत्ताच! मीपण खेळायलाच बसलेय. शिष्यवृत्तीतून घेतला कॉम्प्युटर."

"कार्ड कुठलं घेतलंस?"

"काय की. दुकानदार म्हणाला हे चालेल. चालतंय."

"केवढ्याला?"

तिनं सांगितलं. बेइबूत खुर्चीत बसले.

"अगं, लुटलं की तुला! महिनाभर थांबली असतीस तर..."

"पापा, मी गडाच्या फाटकापाशी उभी आहे. घोडा आणा."

"घोडा राहू दे. पावती आहे का? चौदा दिवसांत परत करता येतं."

पावतीवरून ते हमीवर आले, हमीवरून पंख्यांच्या आवाजावर. विवेचन मुद्देसूद होतं.

"पापा, खाणावळ बंद होईल हं," जानेल शेवटी हळूच म्हणाली. "खेळू परत कधीतरी."

"हो, हो. तोवर तुझ्यासाठी एक चांगलं कार्ड बघून ठेवतो."

सुज्ञ वाचकाच्या मनात आता एकच प्रश्न असेल, आणि तो जानेलबद्दल नसेल. बेइबूत यांनी शेवटी कार्ड कुठलं घेतलं, आणि केवढ्याला? सांगायला हरकत नाही. पण तुमच्याही घरी कुणीतरी फाटकापाशी उभं असेल, तेव्हा घाई नको. पुढच्या महिन्यात भाव उतरणार आहेत.